एकेचाळीस नंबरचं पाकीट

आमच्या शाहूपुरीतल्या दुकानात दोनच कामं चालायची: जुन्या फोटोवरून मोठा फोटो करणं आणि त्याला चौकट करून देणं. लग्नाचे फोटो काढणारे गल्लीत दुसरे होते. आमच्याकडे लोक यायचे ते बहुतेक घरातलं माणूस गेल्यावर. दहा जणांच्या ग्रुपमधून मागच्या रांगेतल्या बाईचं नखाएवढं तोंड उचलायचं आणि ते भिंतीवर लावण्याजोगं, बारा बाय पंधरा इंचांचं करायचं. माझे यजमान डार्करूममध्ये असायचे, पेंटरकाका खिडकीशी ब्रश घेऊन बसायचे आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, पुढे गिऱ्हाइकांशी बोलायचे. साठाच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन आले, तेव्हा माझं अक्षर बघून मामंजींनी दुकानाची वही माझ्याकडे दिली. तेव्हापासून नंबर, गाव, कुणाचा फोटो, कधी दिला, हे चार रकाने माझे.

नखाएवढं तोंड मोठं केलं की त्याचा धूर होतो. मग डोळे, नाक, ओठ पेंटरकाका ब्रशने नीट करायचे. गळ्याच्या खालचा भाग तर सगळा त्यांचाच. पुरुषाला कोट घालायचे, बाईला लुगडं नेसवायचे. त्यांना लुगडं एकच येत होतं. रुंद काठाचं, उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला पदर आणि पदरावर तीन कोयऱ्या. आसपासच्या गावांत कुणाच्याही घरी गेलं आणि भिंतीवर त्या तीन कोयऱ्या दिसल्या, की काम आमच्या दुकानाचं हे मी बसायच्या आधी सांगायची.

मामंजींचा एक नियम होता. गेलेल्या माणसाच्या फोटोवर पाठीमागूनसुद्धा काही लिहायचं नाही. मी एकदा पेन्सिलीने बारीक नंबर घातला तर म्हणाले, "सूनबाई, माणसाच्या पाठीवर लिहितं का कोण?" म्हणून नंबर पाकिटावर असायचा आणि फोटो पाकिटात. यात धोका आहे, हे मला पहिल्या महिन्यातच दिसलं होतं. पण नवी सून मामंजींना काय शिकवणार?

पितृपंधरवड्याच्या आधी आमच्याकडे झुंबड उडायची. श्राद्धाला पाटावर फोटो हवा, असं प्रत्येकाला त्याच महिन्यात आठवायचं. दोन-तीन पावसाळे झाले असतील मला येऊन. त्या वर्षी भाद्रपदात चार दिवस दमट हवा होती आणि मोठे केलेले फोटो पाकिटात चिकटायला लागले. पाचव्या दिवशी ऊन पडलं. मी सगळी पाकिटं गच्चीवर नेली, मोठा फोटो आणि त्याचा मूळ ग्रुप अशा जोड्या चटईवर मांडल्या, अर्ध्या तासाने गोळा केल्या आणि ज्याच्या त्याच्या पाकिटात घातल्या. लक्षात ठेवून घातल्या. माझ्या स्मरणशक्तीचं माहेरी फार कौतुक होतं.

चौकटी झाल्या, पाकिटं जायला लागली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हुपरीहून एक गृहस्थ आले. चांदीकाम करणारे, बोटांची टोकं काळी पडलेली. त्यांचं पाकीट नंबर एकेचाळीस. चौकट केलेला फोटो त्यांनी तिथेच कागद सोडून पाहिला आणि म्हणाले, "ही माझी बायको न्हाय."

मामंजी हसले. "अहो, मोठा केला की पहिल्यांदा तसंच वाटतं."

"पावणं, एकुणीस वर्सं झाली तिला जाऊन, पर इतकं इसारलो न्हाय मी. ही कोण बाई हाय?"

मग मूळ फोटो काढून पाहिला. तोही त्यांचा नव्हता. ह्या फोटोत मधोमध फुटक्या कानांचा एक दांडगा पैलवान बसला होता आणि हुपरीच्या त्या घरात कुणी पैलवान नव्हता. तोपर्यंत तीसएक पाकिटं दिली गेली होती. गावाकडची माणसं बाजारादिवशी येणार, वहीत बहुतेकांच्या गावाचं नाव तेवढं; कुणाला कुठे शोधायचं? दुसरा फोटो काढावा तर डार्करूममधल्या निगेटिव्हच्या काचा दर शनिवारी धुतल्या जायच्या. काच महाग, म्हणून धुतलेली काच चौकटीला वापरायची. आदल्याच शनिवारी यांच्या बायकोचं तोंड धुऊन कुणाच्या तरी आजोबांवर बसवलं होतं.

"ज्याच्याकडे चुकून गेलाय तो येईलच की," मामंजी म्हणाले. "परकी बाई भिंतीवर कोण लावून घेईल?"

हे बोलणं इतकं बरोबर होतं की ते गृहस्थही वाट बघायला तयार झाले. त्यांच्यासमोर बोलणी खाल्ली ती पेंटरकाकांनी, कारण फोटो शेवटी त्यांच्या टेबलावर असायचे. काका ब्रश धूत उभे राहिले. गच्चीवरची चटई मला आठवत होती आणि मी काहीच बोलले नाही.

कुणीही आलं नाही. त्या दिवाळीला नाही, पुढच्याला नाही. हुपरीचे गृहस्थ दोनदा येऊन गेले. तिसऱ्या वेळी दारातूनच विचारलं, "आला का कोण?" आणि माझी मान नकारार्थी हललेली बघून तिथूनच परत फिरले. नंतर येईनासे झाले.

मामंजी गेल्यावर आम्ही त्याच रस्त्यावर लहान गाळ्यात गेलो. तेव्हा माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली आला. त्यात न नेलेले मूळ फोटो होते; मोठे केलेले ओलीने चिकटून कधीच वाया गेले होते. मी सात दिवस दुपारी बसून यादी केली. ग्रुपमध्ये किती माणसं, पागोटी कशी, हातात काय, मागचा पडदा कुठला. यादीची एक प्रत दुकानाबाहेर लावली आणि एक एस.टी. स्टँडजवळच्या चहावाल्याकडे. लोक यायला लागले. एका म्हातारीने स्वतःच्याच लग्नाचा फोटो नेला आणि जाताना नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बघा, तवा बी असंच तोंड वाकडं हुतं." दोघे भाऊ एकाच फोटोसाठी भांडत आले, म्हणून त्यांना दोन प्रती काढून दिल्या, तर वरिजिनल कुणाकडे यावरून परत भांडले. यादीवरच्या नंबरांवर एकेक काट पडत गेली. एकेचाळीस नंबरवर काट पडेना.

आणि एक दिवस हुपरीहून त्या गृहस्थांची मुलगी आली. तिशीच्या पुढची, काखेला पिशवी, डोळे थेट माझ्यावर.

"वैनी, तुमी बाहीर यादी लावलीया म्हणून आले. माझ्या आईचा फोटो तुमच्यात हरवलाय."

"माहीत आहे मला. तुमच्या वडिलांनी दिला होता."

"मी दोन वर्सांची हुते तवा गेली. मला तर ती ठाऊकच न्हाय, माझं सोडा. पर आबा आता म्हणाय लागलेत, तिचं तोंड आठवंना. सकाळी उठून बसत्यात, म्हणत्यात, नाक आठवतंय, कपाळ आठवतंय, सगळं एका जागी येईना. तेवढा एकच फोटो हुता वैनी. बघा की काय हुतंय का."

मी चहा मागवला. चहा येईपर्यंत जुनी वही काढली होती.

त्या पंधरवड्यात बाईमाणसाचे फोटो नऊ दिले होते. चार घरं कोल्हापुरातली, ती मी दोन दिवसांत पायी करून आले. चारही ठिकाणी तीन कोयऱ्या होत्या आणि चारही ठिकाणी बाई ज्याची त्याचीच होती. एक हुपरीचंच, म्हणजे हेच. तिघांचा पत्ता निदान गल्लीपर्यंत होता, त्यांना उत्तराचं कार्ड जोडलेली जोडकार्डं पाठवली. फार विचार करून मजकूर लिहिला: आमच्या दुकानातून नेलेल्या फोटोतील व्यक्ती आपल्याच घरातील आहे याची कृपया खात्री करून कळवावे. एक उत्तर आलं, "होय." दुसरं आलं, "होय, दुकान कुठे हलले?" तिसरं कागलहून आलं: "आमची आई आमचीच आहे. तुमची कोण हरवली आहे ते तुम्ही बघा."

राहिला एक. वहीत नुसतं 'पेठ वडगाव' लिहिलं होतं.

बाजाराचा दिवस बघून मी डब्यातला ग्रुप पिशवीत घातला आणि वडगावची एस.टी. धरली. बाजारात चौथ्याच माणसाने, मिरच्या तोलता तोलता, फुटक्या कानांवर बोट ठेवलं. "हा तर आमचा पैलवान. गेला बिचारा. त्याचं भाऊ हाईत की, मळ्याकडच्या वाटंला, म्हशींचा गोठा दिसंल बघा."

गोठा दिसला. सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, एक म्हातारे गृहस्थ दोरी वळत बसले होते. आतून त्यांची सून डोकावली. माझं लक्ष सरळ समोरच्या भिंतीवर गेलं. पदरावर तीन कोयऱ्या, ताज्या झेंडूचा हार, आणि तोंड माझ्या पिशवीतल्या ग्रुपमध्ये कुठेच नसलेलं.

मी कोल्हापूरच्या फोटोच्या दुकानातून आले असं सांगितलं. म्हाताऱ्यांनी दोरी खाली ठेवली. सुनेला म्हणाले, "चहा टाक जा. आलं घाल, येळ लागू दे." ती आत गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले,

"लै उशीर केलासा बाई."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माझी बायको मला ठाऊक नसंल व्हय?"

मी खाली बसले.

त्यांनी जे सांगितलं ते असं. बायको जाऊन आठ महिने झाले होते. मोठा मुलगा दहाचा, धाकटा चारचा. फोटो घेऊन शेवटची गाडी पकडायची म्हणून दुकानात कागद सोडला नाही. घरी आल्यावर मुलांनीच सोडला. "धाकट्यानं बघितलं आन् काचंला गाल लावून बसला. आई आली म्हणाला. आठ म्हैने त्यो नीट जेवला नव्हता बाई. त्या दिशी फोटोपुढं ताट घिऊन बसला, भाकरी खाल्ली. त्याला काय सांगू, ही दुसऱ्याची हाय?"

"आणि मोठा? त्याला कळलं असेल की."

"इचारलं त्यानं. आबा, आईचं नाक असं कुठं हुतं? म्हटलं, पेंटरनं बिघडवलं. भावकी आली, तीबी म्हणाली, ही आपली वाटत न्हाय. म्हटलं, पेंटरनं बिघडवलं. सगळ्यांस्नी पटलं."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. पेंटरकाकांची दोन गावांत बदनामी झाली होती आणि दोन्हींकडे माझ्या चटईपायी.

"आम्ही तुमची वाट बघत होतो," मी म्हटलं. "फोटो परत येईल म्हणून."

"आलतो की. चार-पाच डाव आलतो. त्यो मूळ फोटो पिशवीत घालून तुमच्या कोपऱ्यापतूर यायचो आन् माघारी फिरायचो. आत आलो तर माझ्या बायकोचा फोटो हातात पडणार. त्यो घरी न्यायचा म्हणजे हिला उतरवायची. पोरास्नी दुसऱ्यांदा आई गेली म्हणून सांगायचं का?"

मी पिशवीतून त्यांचा ग्रुप काढून दिला. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला, चष्मा धोतराला पुसला, मागच्या रांगेवर बोट फिरवत नेलं आणि एका ठिकाणी थांबवलं.

"बारा वर्सं ह्या भिंतीवरच्या बाईसंगं बोलतोय," ते म्हणाले. "म्हस व्याली तर तिला सांगतोय. आता हीच परकी वाटाय लागली की हो. माझीच बायको."

मी म्हटलं, "बघत राहा. दोन दिवसांत ओळख पटेल."

चहा आला. मी हुपरीच्या गृहस्थांचं सांगितलं. तोंड आठवेना, हे ऐकल्यावर म्हातारे उठलेच. आत जाऊन ट्रंक उघडली आणि धुवट फडक्यात गुंडाळलेला ग्रुप आणून माझ्या हातात दिला. कोपराही दुमडला नव्हता. मग भिंतीकडे हात करून म्हणाले, "ही बी न्या. त्यांची हाय."

एवढ्यात धाकटा मुलगा सायकल लावून आत आला. सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेलं. वडील भिंतीवरचा फोटो उतरवायला उठलेले बघून म्हणाला, "काय चाललंय आबा?"

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपाकडे. शेवटी त्यांनी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात, मुलाकडे न बघता. मुलाने ग्रुप हातात घेतला. वडिलांनी बोट ठेवून दाखवलेलं तोंड डोळ्यांशी नेऊन पाहिलं. मग भिंतीकडे.

"मग ह्या कोण?"

"हुपरीच्या."

"त्यास्नी पोरं हाईत?"

"एक मुलगी आहे," मी म्हटलं.

त्याने ग्रुप वडिलांच्या हातात परत दिला. मग म्हणाला, "आईचा मोठा करून आणू. त्यो बी लावू. पर ह्यास्नी उतरवू नगासा, आबा. दहावीला जाताना ह्यांच्याच पाया पडलोय. पास झालोय की."

"लोकाची बाई हाय ती, शाण्या!"

"मग इचारा की त्यास्नी."

म्हणून मी हुपरीला गेले ती तो निरोप घेऊन. चौकट वडगावातच ठेवून, फडक्यातला ग्रुप पिशवीत घालून. घरात हातोड्यांचा बारीक आवाज चालू होता. भाचे, पुतणे पैंजणाच्या कड्या जोडत बसले होते. म्हातारे भिंतीला टेकून होते. मुलीने त्यांना सांगितलं, "आबा, आईचा फोटो घावला."

मी मोठ्या फोटोचं आणि वडगावच्या मुलाच्या विनंतीचंही सांगितलं. हवा असेल तर आणून देते म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण हात फडक्याकडेच होता. ग्रुप मांडीवर घेऊन त्यांनी कामातलं भिंग मागितलं. त्याच भिंगातून आयुष्यभर कड्या पाहिलेल्या. ते डोळ्याला लावून फोटोवर वाकले आणि मागच्या रांगेत थांबले. हातोड्या थांबल्या.

"केवढीशी पोर ही!" ते म्हणाले. आणि मग, मुलीला हाताने जवळ ओढून, "ये, बघ. हनवटी बघ. तुझीच हाय."

मुलीने भिंग लावलं. तिला आधी काही दिसेना, मग दिसलं, आणि ती भिंग काढेचना. वडील तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

आता सांगायला हवं, असं वाटून मी म्हणाले, "बाबा, चूक पेंटरची नव्हती. पाकिटं मी बदलली. ऊन दाखवायला काढली आणि आठवणीने परत घातली."

"व्हय?" त्यांनी मान वर केली. "मग बसा की. च्या घ्या."

एवढंच. मग त्यांना मोठ्या फोटोचं आठवलं. "त्यात तिला लुगडं कुठलं हाय?"

"कोयऱ्यांचं."

"तसलं नव्हतं तिच्याकडं कधी. ती पेंटरची बाई. र्‍हाऊ दे त्यांच्यातच. हार घालत्यात न्हवं?"

"ताजा असतो," मी म्हटलं.

"मग झालं. मला हीच बरी." भिंग मुलीकडून परत मागत ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, वर न बघता, "त्यांच्यात सून हाय का?"

आहे म्हटलं. पुढच्या बाजाराला मी वडगावला गेले तेव्हा वडगावच्या आईचा नवा मोठा फोटो एका हातात होता आणि पिशवीत चांदीचे पैंजण. त्या सोप्यात आता दोन फोटो आहेत. दोघींचं लुगडं एकच.

पेंटरकाकांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते खिडकीशीच होते. मामंजींची बोलणी त्यांच्या लक्षातही नव्हती. "ती तर रोजचीच हुती," म्हणाले. पण वडगावचं ऐकल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला. "बारा वर्सं? अख्ख्या गावात? वैनी, त्या बाईचं नाक मी तीन दिवस बसून काढलं हुतं!" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वडगावला जाणाऱ्या गाडीची वेळ विचारली, आपलं नाक बघून यायला.

आणि मी एक काम केलं. दुकानातला प्रत्येक फोटो काढून त्याच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने नंबर घातला. प्रत्येक वेळी मनात मामंजींना म्हटलं, बारीकच लिहितेय.